गवत ओळखणाऱ्या मुलीनं उपग्रहाच्या कामाला जावं का?

पत्र

आदरणीय ताई,

मी माण तालुक्यातली. वय २४. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाले आहे. प्रबंधासाठी आणि नंतर एका छोट्या प्रकल्पात मी आमच्याच भागातल्या माळांवर गवताचं काम केलं. चौकट टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं, जाती मोजायच्या. हे काम मला मनापासून आवडतं.

आता पीएचडीसाठी दोन वाटा समोर आहेत. एक माझ्या सरांकडेच, माळावर. दुसरी एका मोठ्या संस्थेत, उपग्रहांच्या नोंदींवरून गवताळ प्रदेशांचा अभ्यास. सर म्हणतात, संगणकापुढे बसून इकॉलॉजी कळत नसते. मैत्रिणी म्हणतात, पुढच्या नोकऱ्या त्यातच आहेत. वडील विचारतात, पाच वर्षांनी हातात काय पडणार? माझं गणित बारावीनंतर सुटलं, प्रोग्रॅमिंग कधी केलं नाही. आणि मनातलं सांगायचं तर भीती वाटते, की आकाशातून बघायला लागले तर माझं गवत मला दिसेनासं होईल. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. काय करू?

– माळावरची

उत्तर

प्रिय माळावरची,

तुझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं. उपग्रहाच्या कामाची जागा घे. मात्र एक अट घाल आणि ती तोंडी ठेवू नकोस: दरवर्षी पावसाळ्याचा हंगाम तू माळावर असशील, आणि त्याचा प्रवासखर्च, मदतनिसाचा पगार, गवत वाळवायच्या भट्टीपर्यंत सगळं प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असेल. संस्था हे मान्य करत नसेल तर सरांकडे राहा, मला त्यात काहीच कमीपणा वाटणार नाही.

तुझ्या सरांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. जमिनीवर पाय न ठेवता जगभराच्या हिरवळीचे नकाशे काढणारी माणसं मीही पाहिली आहेत, आणि त्यांचे नकाशे वाचताना माझाही जीव वरखाली होतो. पण हे शास्त्र जन्माला कुठे आलं ते तुला सांगायला हवं, कारण ते तुझ्या कामाच्या फार जवळचं आहे.

कॉम्प्टन टकर हे नाव तू ऐकलं असशील, नसशील तर आता ऐक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा माणूस अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या आखूड गवताच्या सपाट माळावर, विद्यार्थी म्हणून काम करत होता. तिथे ब्लू ग्रामा नावाचं एक काटक, बुटकं गवत असतं. टकर त्या गवताच्या छोट्या वाफ्यांवर उपकरण धरून त्यातून परत येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींना मोजायचा. मग त्याच वाफ्यातलं गवत कापलं जायचं, वाळवलं जायचं, त्याचं वजन व्हायचं, त्यातलं हरितद्रव्य मोजलं जायचं. तुझ्या पत्रातलं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघ. १९७५ मध्ये त्याची पीएचडी झाली ती वनविद्या महाविद्यालयातून. अवकाश अभियांत्रिकीशी तिचा संबंध नव्हता. त्यानंतर तो नासाच्या गॉडार्ड केंद्रात गेला आणि पुढची जवळपास पाच दशकं तिथेच राहिला.

त्या वाफ्यांमधून निघालेली गोष्ट साधी आहे. हिरवं पान लाल प्रकाश खातं, कारण हरितद्रव्याला प्रकाशसंश्लेषणासाठी तो हवा असतो. डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा निअर इन्फ्रारेड मात्र ते परत उधळून लावतं, कारण पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या त्याला चहूकडे विखुरतात. गवत जितकं दाट आणि ताजं, तितकी या दोहोंतली तफावत मोठी. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा, आणि त्या फरकाला दोघांच्या बेरजेनं भागायचं: झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ मोजायचा आकडा. हे सूत्र त्याआधी टेक्सासमधल्या एका गटानं लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या नोंदींवर वापरलं होतं. टकरनं १९७९ च्या लेखात गवताच्या मोजमापांच्या आधारे दाखवलं की लाल आणि इन्फ्रारेडची ही जोडी जिवंत, हिरव्या पानांचा माग इतर जोड्यांपेक्षा चांगला काढते. आज जगभर कुठेही पिकाचा, जंगलाचा, दुष्काळाचा हिरवा-तपकिरी नकाशा दिसला तर त्याच्या मुळाशी बहुधा हीच वजाबाकी आणि भागाकार असतो.

आता त्याचं धाडस सांगते, कारण करिअर निवडताना तंत्रापेक्षा ते जास्त कामाचं आहे. त्या काळी जमिनीचा अभ्यास करायचा तर लँडसॅट, असा रिवाज होता. चित्र बारीक, पण उपग्रह १८ दिवसांनी एकदा येणार आणि त्या दिवशी ढग असले तर पुन्हा १८ दिवस थांबा. टकरनं पाहिलं अमेरिकेच्या हवामान खात्याच्या उपग्रहाकडे. नोआ मालिकेतल्या उपग्रहांवर एव्हीएचआरआर नावाचं उपकरण होतं, ढग आणि समुद्राचं तापमान बघण्यासाठी बनवलेलं. मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावर त्याचा दृश्य प्रकाशाचा पट्टा इतका रुंद होता की तो इन्फ्रारेडमध्ये मिसळायचा. पुढच्या उपग्रहांवर तो अरुंद झाला, आणि लाल वेगळा मिळू लागला. चित्राचा एक ठिपका मात्र १.१ किलोमीटरचा. म्हणजे साधारण ३०० एकरांचा सगळा कारभार एका आकड्यात. जंगल, शेत, ओढा, वाडी, सगळं एकत्र! पण तो उपग्रह रोज यायचा. रोज आलेल्या चित्रांतून दहा-पंधरा दिवसांतला सर्वांत स्वच्छ, ढगविरहित आकडा निवडला, की गवत कधी उगवलं, कधी भरात आलं, कधी वाळलं, हे पूर्ण खंडासाठी कळू लागलं. गवताच्या माणसाला हंगामाचं महत्त्व ठाऊक असतं. एका दिवसाचं सुंदर चित्र त्याला पुरत नाही, हे टकरला कळलं ते गवताजवळ राहिल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आणि मग तो आफ्रिकेत गेला. सेनेगलच्या उत्तरेला फेर्लो म्हणून पशुपालकांचा प्रदेश आहे, साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठच्या कोरड्या पट्ट्याचा भाग. पाऊस थोडा आणि लहरी, गुरं भरपूर, गवत वर्षायू. तुझ्या माणदेशातल्या माणसाला तिथला पावसाळा समजावून सांगावा लागणार नाही. १९८० ते १९८४ या वर्षांत तिथे जमिनीवर गवत कापून वजनं केली गेली आणि त्याच वर्षांचे उपग्रहाचे आकडे हंगामभराची बेरीज करून त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. दोन्ही जुळले. आकाशातून हेक्टरी किती किलो चारा ते सांगता येतं, हे या गवत कापणाऱ्यांमुळे सिद्ध झालं. १९८५ साली अमेरिकेनं आफ्रिकेतल्या उपासमारीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली, तिच्या कामात हे हिरवे नकाशे कायमचे आले.

सहारा दरवर्षी पाच-साडेपाच किलोमीटर दक्षिणेकडे सरकतोय, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. टकर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० अशी ओळीनं वर्षं लावून पाहिली. वाळवंटाचं क्षेत्र १९८० मध्ये सुमारे ८६ लाख चौरस किलोमीटर, १९८४ च्या भीषण दुष्काळात जवळपास १ कोटी. आणि १९८५ मध्ये पाऊस झाला तर त्याची दक्षिण सीमा एका वर्षात ११० किलोमीटर उत्तरेकडे गेली. वाळवंट चालत नव्हतं, पावसामागून पुढेमागे होत होतं. कुठलीही दोन वर्षं निवडून त्यांच्यामधून सरळ रेघ ओढणाऱ्यांना हे कधीच दिसलं नसतं. हा १९९१ चा लेख मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही सर्वांत आधी वाचायला देते. तूही तो आधी वाच.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, मी सरांना खोडून काढतेय. नाही. आता त्यांच्या बाजूनं बोलते.

२०१९ मध्ये एक लेख आला, बॉस्टन विद्यापीठातल्या गटाचा. २००० ते २०१७ या काळात जगातलं पानांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं आणि या वाढीत चीन आणि भारत आघाडीवर आहेत, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे बातम्या झळकल्या: भारत हिरवा होतोय! पण त्याच लेखात पुढे लिहिलं होतं की भारतातल्या या वाढीपैकी ८२ टक्के शेतीतून आलेली आहे आणि जंगलांचा वाटा ४.४ टक्के. म्हणजे ज्या जमिनीवर वर्षातून एकदा पीक यायचं तिथे पाणी, खत पोचलं आणि दोन-तीनदा येऊ लागलं. ही वाईट गोष्ट नव्हे, त्यावर माणसं जगतात. पण तिला जंगल म्हणता येत नाही.

हेच तुझ्या माळावर आणून बघ. समज, माणदेशातल्या एखाद्या ठिपक्याचा एनडीव्हीआय दहा वर्षांत सतत वाढलाय. संगणक हिरवा रंग देऊन मोकळा होईल. काय झालं असेल तिथे? चांगली वर्षं आल्यानं कुसळी आणि पवना खरंच दाट झाले असतील. माळ नांगरून, पाणी आणून डाळिंब लावलं असेल. वेडी बाभूळ शिरली असेल. कुणी खड्डे खणून गिरिपुष्प लावलं असेल आणि खाली गवत मेलं असेल. चारही ठिकाणी आकडा वरच जाणार. धनगराच्या मेंढरांसाठी, धाविक पक्ष्यासाठी, खोकडासाठी, लांडग्यासाठी या चार गोष्टी मात्र एकमेकींपासून जमीन-अस्मानाइतक्या दूर आहेत. आणि उलटही होतं: नोव्हेंबरानंतर तुझं गवत वाळून सोनेरी पडतं, आकडा खाली येतो, आणि न पाहिलेल्या माणसाला तो माळ उजाड वाटतो. मुळं जमिनीखाली जिवंत आहेत हे त्या आकड्यात नसतं.

हे नुसतं अभ्यासापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. आपल्याकडे कित्येक गवताळ माळ सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेले आहेत, ही नोंद इंग्रजांच्या महसुली काळापासून चालत आलेली. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक: झाडं लावा, सौर पट्ट्या लावा, कारखाना काढा. दुसरीकडे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात वनाच्छादन मोजताना एक हेक्टरहून मोठी, १० टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही झाडांची जमीन धरतात. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. आमराईसुद्धा त्यात बसते. तुझा माळ कितीही समृद्ध असला तरी झाड नाही म्हणून बसत नाही. या व्याख्या आणि हे नकाशे ज्या खोल्यांमध्ये ठरतात, त्या खोल्यांमध्ये कुसळी आणि मारवेल ओळखणारी माणसं फार थोडी आहेत. भारतातल्या कोरड्या, खुल्या निसर्गप्रदेशांचे नकाशे अलीकडे काही इकॉलॉजिस्टनी उपग्रहाच्या नोंदींवरूनच काढले, आणि पडीक म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीत किती मोठा निसर्ग दडलाय ते दाखवून दिलं. तू त्यांच्या बाजूला जाऊन बसावंस असं मला वाटतं. माळावर राहून तू एक माळ नीट समजून घेशील. तिथे जाऊन तू शेकडो माळांची नोंद बदलू शकशील.

तुझ्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, आणि ती तुला वाटते आहे याचा मला आनंद झाला, कारण ज्यांना ती वाटत नाही त्यांच्याच हातून गवत निसटतं. पण एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. २०२३ मध्ये टकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातली झाडं एकेक करून मोजली. तीन लाखांहून जास्त चित्रं, ५० सेंटीमीटरपर्यंत बारीक, संगणकाला झाडाची सावली आणि शेंडा ओळखायला शिकवलेलं, आणि उत्तर आलं ९९० कोटींहून अधिक झाडं. पण शेंड्याच्या घेरावरून त्या झाडाच्या लाकडात, पानांत, मुळांत किती कार्बन आहे हे कुठल्या उपग्रहानं सांगितलं? कुठल्याच नाही. साहेलमध्ये झाडं प्रत्यक्ष तोडून, मुळं उकरून, वजनं करून ठेवलेली होती, त्यावरून ते बांधलं. त्या लेखाच्या लेखकांत पिएर इरनो हे नाव आहे. आफ्रिकेतल्या माली देशाच्या गुर्मा भागात १९८४ पासून ठरलेल्या जागांवर गवत आणि झाडं मोजत आलेला माणूस. अवकाशातून काढलेल्या सर्वांत मोठ्या हिशेबाची कुलूपकिल्ली अशी जमिनीवरच्या वहीत असते, आणि तशी वही तुझ्याकडे आत्ताच आहे.

आता या कामाचा रोजचा भाग, तो झाकून ठेवणार नाही. वेळ बहुतेक सफाईत जातो. तुला सर्वांत जास्त हव्या असलेल्या महिन्यांत, जुलै ते सप्टेंबर, आकाश ढगांनी भरलेलं असतं; गवत भरात आणि चित्र पांढरं. जुने नोआ उपग्रह वर्षागणिक ठरल्या वेळेपेक्षा उशिरा यायला लागायचे, सूर्य तिरपा व्हायचा, आणि जमिनीवर काहीही न बदलता आकडा बदलायचा. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वातावरणात वर चढली, आणि सगळ्या जगाच्या हिरवळीच्या नोंदी गढूळ झाल्या. एक उपग्रह बंद पडून दुसरा सुरू होतो तेव्हा सांधा बसवावा लागतो. १९८१ पासूनची जी सलग नोंद आज आपण सहज उतरवून घेतो, ती या कंटाळवाण्या दुरुस्त्यांवर उभी आहे. तुला असलं काम आवडेल का? गवताच्या काड्या तासन्तास वेगळ्या करत बसणाऱ्या मुलीला आवडेल, असा माझा कयास आहे.

माणदेशासाठी आणखी एक अडचण लक्षात ठेव. विरळ गवतातून खालची जमीन दिसते, आणि तांबडा मुरूम आणि काळी माती प्रकाश वेगवेगळा परतवतात. त्यामुळे तेवढंच गवत दोन मातींवर दोन आकडे देतं. जमिनीचा हा परिणाम कमी करणारं वेगळं सूत्र १९८८ पासून आहे, पण कुठल्या माळावर कुठली माती हे तुलाच भरावं लागेल. ढगांवर उतारा रडारचा. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो ढगांतून आणि अंधारातही जमीन बघतो. गवतासाठी त्याच्या नोंदी कशा वाचायच्या हे शिकणाऱ्या पहिल्या पिढीत तू असशील.

गणिताचं भय मनातून काढ. तुला लागणार आहे ती संख्याशास्त्राची पक्की बैठक: सरासरी आणि विखुरणं, समाश्रयण (रिग्रेशन), नमुना कसा आणि किती घ्यायचा, कालमालिका. प्रोग्रॅमिंग आर किंवा पायथन यांपैकी एकच भाषा घेऊन शिक, दोन्हींच्या मागे एकदम लागू नकोस. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या आणि लँडसॅटच्या नोंदी मोफत आहेत, अशा नोंदी इंटरनेटवरच हाताळायची सोय, गूगल अर्थ इंजिन, संशोधनासाठी मोफत आहे. पण अभ्यासक्रमापासून सुरुवात करू नकोस. सुरुवात अशी कर: तुझ्या जुन्या चौकटींच्या जागांचे अक्षांश-रेखांश काढ, त्या जागांची सेंटिनेल-२ ची नोंद जितकी मागे मिळेल तितकी उतरव, आणि आलेखावर स्वतःच्या वहीतून खुणा कर. पाऊस कधी पडला, मेंढरं कधी बसली, वणवा कधी लागला, तू गवत कधी कापलंस. मग बघ, उपग्रहाला यातलं काय दिसलं आणि काय निसटलं. माझा अंदाज आहे की एका आठवड्यात तुझा निर्णय आपोआप होईल.

एक व्यवहाराची गोष्ट. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. लँडसॅटचा साधारण नऊ गुंठे. तुझी चौकट एक मीटरची असेल तर एका गुंठ्यात अशा शंभर बसतात, आणि मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. म्हणून इथून पुढे सुटी चौकट टाकू नकोस. निदान ३० मीटर बाय ३० मीटरचा एकसारख्या गवताचा तुकडा निवड, त्याच्या आत पाच-सात चौकटी टाक, चारही कोपऱ्यांची नोंद घे आणि दर वेळी त्याच जागेचा त्याच दिशेनं फोटो काढ. या यंदाच्या हंगामापासून एवढं केलंस तरी कुठलीही संस्था तुझ्या नोंदींसाठी तुझ्या मागे येईल.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांना उडवून लावू नकोस, त्यांनी विचारलंच पाहिजे. नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. हा दर जानेवारी २०२३ पासून आहे. नुसत्या प्रकल्पावर गेलीस तर रक्कम आणि मुदत दोन्ही कमी असू शकतात, ते आधी विचारून घे. पीएचडीनंतर हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, डेहराडूनच्या संस्था, नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र, दिल्लीचं महालनोबिस पीक अंदाज केंद्र, विद्यापीठं, संशोधन संस्था, पीकविम्याचं काम, इतकी दारं आहेत. सरकारी जागा मोजक्या निघतात आणि वाट बघायला लावतात, हेही वडिलांना सांग. कार्बन क्रेडिटवाल्या कंपन्याही बोलावतील, पगार चांगला देतील. त्यातल्या काही चांगल्या असतील. पण जी कंपनी माळावर झाडं लावून कार्बन विकते, तिथे तुझ्या सहीनं तुझाच माळ जाईल. अशा ठिकाणी जाऊ नकोस, कितीही पैसे मिळाले तरी.

शिवाय ही विद्या एका जागी बसून राहत नाही. केनियात जन्मलेले असाफ अन्याम्बा आणि टकर यांच्या गटानं हिरवळीच्या याच नोंदी आणि समुद्राचं तापमान यांवरून डासांतून पसरणारा रिफ्ट व्हॅली ताप कुठे उद्भवेल हे सांगण्याची पद्धत बसवली. भरपूर पाऊस, हिरवळ आणि त्यामागोमाग डास. २००६-०७ च्या साथीआधी पूर्व आफ्रिकेत इशारा देता आला, तो काही आठवडे आधी. आणि आपल्या देशात दूरसंवेदनाची सुरुवातच मुळी झाडाच्या आजारपणातून झाली: १९७० मध्ये पिशारोटींच्या पुढाकारानं केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो घेतले गेले, रोग लागलेली झाडं हुडकायला. त्या पिशारोटींना आपण भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणतो.

राहिले सर. त्यांना सोडून जातेय असं मनात धरू नकोस, आणि त्यांना तसं वाटूही देऊ नकोस. संस्थेला पत्र लिहिशील त्यात दोन ओळी अधिक घाल: माळावरच्या कामासाठी माझे आत्ताचे मार्गदर्शक सहमार्गदर्शक म्हणून हवेत. बहुतेक विद्यापीठांत अशी तरतूद असते. सरांकडे जाऊन तो १९९१ चा सहाराचा लेख त्यांच्या हातात दे, फेर्लोच्या गवताची गोष्ट सांग, आणि त्यांच्या माळांच्या जुन्या वह्या माग. त्या कागदावर पडून आहेत, म्हणून तारीख आणि जागा घालून नीट भरून घ्यायला निदान एक महिना लागेल. पावसाळ्याची अट, सहमार्गदर्शक आणि पैशाची मुदत, या तिन्हींचं उत्तर संस्थेकडून ईमेलवर आलं की मगच होकार कळव. महिनाअखेर कमी पडत असेल तर आठवडाभराची मुदत माग. असली कारणं सांगून मागितली तर देतात.

तुझी,
ताई